शिस्तीचं सोवळं

गेल्या महिन्यात मालवणहून भाच्याचा फोन आला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात तो पर्यटकांना स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली, नेतो. त्या दिवशी बोटीवर बाहेर कुठेतरी कोर्स करून आलेला एक पाहुणा होता. सगळ्यांसमोर तो म्हणाला, ''याला स्कूबा म्हणत नाहीत.'' आमच्या घरातही हा वाद जुनाच आहे. पुण्याचा माझा मावसभाऊ म्हणतो, माणसाला पाठीमागून धरून दहा मिनिटं पाण्यात बुडवायचं आणि व्हिडिओ काढून द्यायचा, हे डायव्हिंग नव्हे, धोका आहे. मालवणची मंडळी म्हणतात, ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम असतो, त्यावर घर चालतं, तुम्ही वर्षातून एकदा येऊन नावं ठेवू नका. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हापासून ''बंद करा'' आणि ''पोटावर पाय देऊ नका'' या दोन आरोळ्यांपलीकडे आमच्या घरचं बोलणं सरकलेलं नाही.

मी सोळा वर्षं फ्लोरिडात आहे. त्यातली नऊ वर्षं इथल्या झऱ्यांत आणि समुद्रात डायव्हिंग करतो. भाच्याला ऐकावं लागलं तसलं वाक्य मीही इथे ऐकलं आहे, म्हणून या वादात बोलावंसं वाटतं.

उत्तर फ्लोरिडाच्या जमिनीखाली चुनखडीत पाण्याने भरलेल्या गुहांचं जाळं आहे. पाणी वर्षभर साधारण 22 अंशांवर, काचेसारखं स्वच्छ. पण एक चुकीची लाथ पडली की तळाचा गाळ उठतो आणि स्वतःचा हात दिसत नाही. वर सरळ जायला वाट नसते, डोक्यावर दगड असतो. साठ-सत्तरच्या दशकांत या गुहांत खूप तरुण मेले. शेक एक्सली नावाच्या गणिताच्या शिक्षकाने त्या अपघातांचा एकेक करून अभ्यास केला आणि 1979 मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. बाहेरच्या उघड्या पाण्यापर्यंत अखंड दोरी ठेवा. हवेचा एक तृतीयांश भाग आत जायला, एक तृतीयांश परत यायला, उरलेला संकटासाठी. झेपेल त्याहून खोल जाऊ नका. प्रत्येक नियमामागे कुणाचं तरी प्रेत होतं. आजही गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेली पाटी असते: यापुढे जाऊ नका.

या मातीतून पुढे ती पद्धत उगवली, जिला 'डूइंग इट राइट', म्हणजे 'नीट करणं', म्हणू लागले. नव्वदच्या दशकात टॅलाहासीजवळ 'वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट' या गुहा शोधणाऱ्या डायव्हरांच्या गटाची मंडळी वकुला झऱ्याच्या खोल बोगद्यांत मैलोन् मैल जात होती. बिल मेन या गुहा-डायव्हरची साधनांची साधी, आटोपशीर मांडणी त्यांनी घेतली. पाठीवर धातूची पाटी, तिला एकच अखंड पट्टा, आणि जे लागत नाही ते न्यायचं नाही. तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं उपकरण, सुमारे सात फुटी नळीवर असतं. दुसरं, राखीव, हनुवटीखाली रबराच्या फासात गळ्याशी अडकवलेलं असतं. सोबत्याची हवा संपली तर तोंडातलंच त्याला द्यायचं आणि आपण गळ्यातलं घ्यायचं. कारण घाबरलेला माणूस तुमच्या खिशात शोधत बसत नाही, तुमच्या तोंडातलंच ओढतो. ते चालू आहे हे त्याला दिसत असतं. नळी लांब अशासाठी की चिंचोळ्या वाटेत दोघांना एकामागून एक बाहेर पडता यावं. गटातल्या सगळ्यांची मांडणी एकसारखी असली की अंधारात हात आपसूक योग्य जागी जातो.

मला या पद्धतीत आजवर खोट सापडलेली नाही. डिसेंबर 2007 मध्ये याच गटातले जॅरॉड जाब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ली टर्नर सिंक नावाच्या पाणभरल्या खड्ड्यातून पाण्यात उतरले आणि वकुला झऱ्यातून बाहेर आले, सुमारे 11 किलोमीटर जमिनीखालून. नुसत्या हिमतीवर हे होत नाही. शेकडो वेळा घोटवलेल्या सवयी लागतात, आणि पाण्यात व किनाऱ्यावर राबणारे सोबती लागतात.

पण त्याच वर्तुळात एक शब्दही जन्मला: 'स्ट्रोक'. आपल्या पद्धतीने न उतरणाऱ्या प्रत्येकासाठी ही शिवी होती, आणि पहिला नियम असा की स्ट्रोकसोबत डायव्ह करू नका. प्रोजेक्टचे प्रमुख जॉर्ज अर्व्हाइन हे आपल्या जहाल लिखाणासाठी प्रसिद्ध होते. त्यांचं म्हणणं बऱ्याचदा बरोबर असे. खोल पाण्यात साध्या हवेने डोकं गुंगतं, तिथे हीलियम मिसळा, हा त्यांचा आग्रह आज सर्वमान्य झाला आहे. मात्र ऐकणाऱ्याच्या कानात शिवी उरली आणि हीलियम राहून गेलं. कितीतरी चांगले डायव्हर केवळ त्या तुच्छतेमुळे लांब नळीकडे वर्षानुवर्षं फिरकले नाहीत.

माझा स्वतःचा प्रसंग तिसऱ्या वर्षीचा. अटलांटिकच्या बाजूला एका बोटीवर मला जोडीदार नव्हता. शेजारच्या, त्याच पद्धतीच्या माणसाने माझ्या जॅकेटकडे, त्याला लोंबणाऱ्या नळ्यांकडे पाहिलं आणि बोटचालकाला सांगितलं, याच्यासोबत नको. माझ्याशी तो बोललाच नाही. नळ्या लोंबत होत्या हे खरं होतं. एखाद्या खडकात त्या अडकल्या असत्या. दोन मिनिटं देऊन त्याने सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी त्या बांधल्या असत्या. त्याऐवजी मी त्या दिवशी पाण्यात उतरलो नाही आणि पुढचं दीड वर्ष त्या पद्धतीचं नावही घेतलं नाही. त्या दीड वर्षात मी नळ्या लोंबवतच डायव्हिंग करत होतो. उच्चभ्रूपणाचा माझा राग इथे आहे. माझा मान दुखावला ते मी विसरलो, पण मला जे कळायला हवं होतं ते दीड वर्ष उशिरा कळलं आणि पाण्याखाली तेवढा उशीर जिवावर बेतू शकतो.

शेवटी मी जाब्लॉन्स्कींनी 1998 मध्ये स्थापलेल्या 'ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स'चा पहिला कोर्स केला. पाण्यात आडवं, स्थिर राहायचं, बेडकासारखे पाय मारायचे, गाळ उठू द्यायचा नाही आणि हे करत असतानाच कामं करायची. पहिल्या खेपेला पास झालो नाही, सराव करून पुन्हा या असा निकाल मिळाला. शिकवणारी बाई कडक होती. एक फूट वर सरकलो तरी तिला दिसे. पण चार दिवसांत तिने एकदाही कुणाला कमी लेखलं नाही आणि 'स्ट्रोक' हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. उंच मापदंड आणि तुच्छता यांची गाठ कुणी देवाने बांधलेली नाही, हे मी तिच्याकडे पाहून शिकलो.

आपल्याकडे या गोष्टीला चांगला शब्द आहे, सोवळं. मुळात स्वच्छतेचा नियम, पुढे कुणाला शिवायचं नाही याचा नियम. मालवणच्या बोटीवर त्या पाहुण्याने केलं ते हेच. त्याचं प्रमाणपत्र खरं असेल, ज्ञानही असेल. भाच्याच्या कामात धोके आहेत हेही खरं. मी स्वतः पाहिलं आहे: घाईत दिलेली सूचना, पर्यटकाला समजलं का ते न विचारणं, एकामागून एक गिऱ्हाईक. तिथे मी मावसभावाच्या बाजूचा आहे. पोटाचा प्रश्न आहे म्हणून पाण्याचे नियम सैल होत नाहीत. पण बोटीवर सर्वांसमोर पाणउतारा करून एकही सिलिंडर सुरक्षित होत नाही. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मालवणच्या पोरांना हंगाम बंद असताना, पावसाळ्यात, परवडेल अशा फीमध्ये आणि मराठीतून हे सगळं शिकवलं जावं, अशी माझी मागणी आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तक आणि महिन्याच्या कमाईहून जास्त फी या दोन उंबरठ्यांवर ही पोरं अडतात, आणि मग आत असलेले बाहेरच्यांना अडाणी म्हणतात.

माझ्या आजोबांच्या वेळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत. चाळीस-पन्नास माणसं दोरीला असायची. नवखा पोरगा चुकीच्या जागी उभा राहिला तर म्हातारा त्याला खांद्याला धरून योग्य जागी आणायचा, कारण एकाचा पाय घसरला तर जाळं सगळ्यांच्या हातून जायचं. मासळीचा वाटा त्या पोरालाही मिळे.

फोनवर भाचा म्हणाला, ''मामा, आमची चूक दाखवणारे बरेच आसत. शिकवणारो कोण नाय.'' मी त्याला विचारलं, तुझं दुसरं रेग्युलेटर कुठे असतं? ''आसा, पण ता पाठी लोंबकाळता.'' मग अर्धा तास आम्ही व्हिडिओवर बसलो. मी माझं दाखवलं: रबराचा फास, गळ्यात, हनुवटीच्या खाली, हात न लावता तोंडात घेता येईल इतका जवळ. गिऱ्हाइकाची हवा अडली तर तुझ्या तोंडातलं त्याला दे, हे तुझ्याकडे. नळी जरा लांब घे. त्याने दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून.

परवा त्याचा फोटो आला. बोटीवरच्या चारही पोरांच्या गळ्यात फास होते. रबर बाजारातून आणलेलं, गाठ मात्र आमच्या जाळ्यांची होती.