काटकसर शिकायची आहे? या, बसा

परवा ऑफिसात काटकसरीचं परिपत्रक आलं. गुळगुळीत कागद, चार रंगांत छपाई, प्रत्येकाच्या टेबलावर वेगळी प्रत. वाचलं आणि डोळे उघडले. इतकी वर्षं मी या शब्दाचा भलताच अर्थ धरून बसले होते. तुमचंही तसंच झालं असणार, म्हणून हे सल्ले.

आधी शब्द फोडा. काट म्हणजे कापणं, ते कळतंच. कसर आली अरबीतून. तिथे कस्र म्हणजे मोडणं, आणि गणितात अपूर्णांक. तुम्ही आजवर पूर्ण पगार, पूर्ण रजा, पूर्ण माणूस असे वावरत होतात. सुधारा.

कात्री नेहमी खालून चालवा. वरच्या मजल्यावर तिची धार जाते म्हणे.

नवी रिफिल हवी असेल तर जुनी जमा करा. सहीनिशी.

माणूस काढलात तर ‘सुसूत्रीकरण’ म्हणा. तुम्ही खर्च टाळलात तर तो चिक्कूपणा, त्यांनी टाळला की आर्थिक शिस्त.

आणि मुख्य म्हणजे, रिकामी खुर्ची तशीच ठेवा. माझ्या शेजारचे सहकारी निवृत्त झाले, जागा भरली नाही. त्यांचा पगार बचतीत गेला, काम माझ्याकडे आलं. महिनाअखेरीला दोघांचे तक्ते एकटीने भरताना आकडा चुकला. तो निस्तरायला बाहेरून माणूस आणला, रोजच्या हिशेबाने. त्याचं बिल ‘सल्लागार शुल्क’ या खात्यात! पगाराच्या खात्यात नाही ना, मग झाली की बचत! वर मलाच विचारणा, कामात ढिलाई का? अहो, हात दोनच आहेत मला!

मराठीत आणखी एक कसर आहे, पुस्तकांना लागते ती. बांधणीची खळ खाते, कागद खाते. कपाटात पुस्तक धड दिसतं, हातात घेतलं की पानं गळतात. आमच्या ऑफिसला हीच लागली आहे.

बास झालं. घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ओढाताणीत आधी स्वतःच्या ताटातलं कमी करतात, मग पोरांच्या. तुम्ही पोरांची ताटं ओढता आणि त्याला काटकसर म्हणता? लाज वाटू द्या. कपात करताय तर कपात म्हणा, तोंडावर म्हणा. आणि पुढचं परिपत्रक काळ्या शाईत, पाठपोट छापा.