प्रेशर आलं का?

मुतखडा झालाय हे चार लोकांना कळलं, की तो तुमचा एकट्याचा राहत नाही. दुखणं तेवढं तुमचं, बाकी खडा सार्वजनिक. हृदयाचं काही निघालं तर लोक आवाज खाली आणून बोलतात. मुतखड्याला तो मान नाही. "किती एमएमचा?" हा पहिला प्रश्न, आणि आकडा सांगितला की समोरचा लगेच स्वतःचा काढतो. माझा 9 मिलिमीटरचा. मला वाटलं होतं, बऱ्यापैकी आहे. खालच्या मजल्यावरच्या काकांनी "एवढाच? माझा 14 होता" म्हणून तो निकालात काढला.

कळ आली ती भर रात्री. दिवसा, दवाखाना उघडा असताना यायची या खड्यांमध्ये पद्धत नसावी. उजवीकडे बरगडीखाली सुरू झाली आणि जांघेपर्यंत उतरली. या कळेची खोड अशी, की कुठल्याच स्थितीत ती तुम्हाला टेकू देत नाही. बसलो, उठलो, पालथा झालो, भिंतीला डोकं लावून उभा राहिलो, शेवटी हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागलो. बायको झोपेतच म्हणाली, "गॅस असेल. ओवा खा." ओवा खाल्ला. ओवा बाहेर आला. कळ आतच. कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरने पाठीवर एक बुक्की मारली, मी किंचाळलो, आणि तो समाधानाने म्हणाला, "स्टोनच आहे." मग डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन टोचलं. त्या क्षणी त्याला माझा फ्लॅट मागता आला असता.

सकाळी सोनोग्राफी. मूत्राशय भरलेलं असलं की आतलं नीट दिसतं, म्हणून ते भरून यायचं असतं. काउंटरवरच्या ताई नाव पुकारत नाहीत, थेट मुद्द्यावर येतात. "काका, प्रेशर आलं का?" अख्ख्या वेटिंग रूमने माझ्याकडे पाहिलं. मी नको तितक्या हळू आवाजात "थोडं थोडं" म्हणालो. "थोडं चालत नाही. अजून प्या." शेजारचे आजोबा अनुभवी होते. मला म्हणाले, "आलं की लगेच सांगू नका. अर्धवट भरलं असलं की परत पाठवतात. दम धरा." मी दम धरला. नको इतका धरला. मग प्रेशर आलं, आणि त्याच वेळी एक गरोदर बाई आत गेली, तिच्या मागोमाग एक इमर्जन्सी गेली, आणि मग डॉक्टर राउंडला गेले. समोर कूलर होता. एक मुलगा तिथे बाटली भरायला आला. त्याची बाटली दोन लिटरची होती आणि कूलरला धार बारीक होती. त्या पोराचा तसा काही दोष नाही, पण मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

आत गेल्यावर गार जेली लावून तो प्रोब नेमका फुगलेल्या जागी दाबतात आणि म्हणतात, "रिलॅक्स राहा."

निदान असं, की मूत्रनलिका पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, आणि साहेब तिच्या खालच्या टोकाशी अडकून बसलेत. पाच मिलिमीटरच्या आतला असता तर पाणी पिऊन बहुधा आपणहून निघाला असता. हा मोठा. तरी काही दिवस गोळ्या घेऊन वाट बघू, नाही हलला तर लेसर.

ते काही दिवस नातेवाइकांचे होते. आत्याने कुळीथ पाठवले आणि रोज कढण प्यायलं की नाही याची फोनवर हजेरी घेतली. मेव्हण्याने पाणफुटीची पानं आणली. केळीच्या खांबाचा रस कुणी सुचवला, आता केळीचा खांब फ्लॅटमध्ये आणायचा कुठून? ऑफिसातल्या एकाने बिअर सांगितली. या उपचाराला तो स्वतः सोबत बसायला तयार होता. टोमॅटो, पालक आणि दूध घरातून हद्दपार झालं. डॉक्टरांनी दूध तेवढं परत आणवलं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असले, तरी जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं, तेव्हा ते तोडायचं नाही. मीठ कमी करा, पाणी इतकं प्या की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर लहान आहे का वयाने?"

अमेरिकेत म्हणे दोघा संशोधकांनी सिलिकॉनच्या मूत्रपिंडात खडे घालून ते रोलर कोस्टरवर फिरवले. मागच्या सीटवर जवळपास 64 टक्के वेळा खडा सुटला, पुढच्या सीटवर 17 टक्के. त्यांना 2018 चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. ज्याने कधी एसटीच्या शेवटच्या सीटवरून घाट पार केलाय, त्याला यात नवल वाटणार नाही. पण ती गोष्ट लहान खड्यांची. माझा ढिम्म.

तर लेसर. हा शब्द ऐकला की माणसाच्या डोळ्यांसमोर लाल किरण वगैरे येतं. मीही बाहेरून पोटावर काहीतरी रोखतील अशा समजुतीत होतो. (बाहेरून फोडायची पद्धत वेगळी, ती ध्वनिलहरींची, म्युनिकला 1980 मध्ये सुरू झालेली.) इथे सगळं दुर्बिणीतून, पोटाला कुठेच छेद नाही, टाका नाही, हे ऐकून मी खूश झालो, आणि मग दुर्बीण कुठून घालणार हा प्रश्न विचारून बसलो. डॉक्टरांनी सांगितलं. काही वेळ दोघंही गप्प होतो.

पाठीत इंजेक्शन दिल्यावर पाय गरम झाले आणि मग माझे राहिलेच नाहीत. पडद्यावर आतलं सगळं दिसत होतं. गुलाबी बोगदा, आणि त्यात वाट अडवून बसलेला तो, काळपट पिवळा, काटेरी, जुन्या गुळाच्या खड्यासारखा. इतक्या त्रासानंतर मला तो जरा भव्य दिसेल असं वाटलं होतं. होल्मियम नावाच्या धातूच्या लेसरचा हा किरण डोळ्यांना दिसतच नाही. नेम धरायला म्हणून वेगळा रंगीत ठिपका सोडतात. केसासारख्या बारीक तारेतून तो येतो, टक् टक् आवाज होतो आणि खड्याचा भुगा धुरळ्यासारखा उडतो. मी पाहतोय तोवर संपलं. भूलतज्ज्ञ मध्येच फोनवर कुणाला तरी मुलाची फी भरायला सांगत होते.

नाव लेसरचं होतं, पण खरी कामगिरी स्टेंटची. नलिका सुजून बंद होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना वळलेली एक मऊ नळी आत ठेवून देतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. त्यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत, तेव्हा कृपया नकोत. हा स्टेंट आहे हे क्षणभरही विसरता येत नाही. घोटभर पाणी प्यायलं की लगेच जाऊन यावंसं वाटतं, जाऊन आलं की परत जावंसं वाटतं, आणि जाताना पाठीत अशी कळ येते की जुन्या खड्याची आठवण यावी. वर हुकूम काय, तर भरपूर पाणी प्या. घरापासून ऑफिसपर्यंत कुठल्या हॉटेलात चहा न घेता आत जाता येतं, कुठला पेट्रोल पंप कुलूप लावतो, हे सगळं मला तोंडपाठ झालं. जिना दोनदा थांबून चढायचो. लोक म्हणायचे, "लेसर म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी घरी!" घरी, हो. घरातल्या एकाच खोलीत.

कॅशलेसची मंजुरी डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी आली. त्याबद्दल न बोललेलं बरं.

स्टेंट काढायला गेलो तेव्हा नर्सताई म्हणाल्या, "भूल नाही, नुसती जेली. खोका जोरात." मी खोकलो. काहीतरी सरकलं, आणि ती निळी नळी ट्रेमध्ये पडली. एवढीशी! तिचा फोटो काढू का विचारलं तर त्या म्हणाल्या, सगळेच विचारतात.

आत्याला रात्री फोन करून सांगितलं, खड्याचा पार भुगा झाला.

"होणारच," आत्या म्हणाली. "कुळथाने आधीच भुसभुशीत केला होता मी. आणि मला सांग, तुझ्या त्या डॉक्टरने पैसे कशाचे घेतले मग?"