पाचशे रोपे नकोत, पन्नास जगवा

पारसिकच्या टेकडीवर ५ जूनला पाचशे देशी रोपे लावायची असल्याचा निरोप आज सकाळी गटावर आला आणि माझे डोकेच फिरले. गेल्या पावसाळ्यात याच उतारावर लावलेल्या रोपांतले वाळलेले एक करंज परवा मी उपटून पाहिले, तर मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी जशीच्या तशी होती आणि मुळे आतल्या आत गोल फिरून गुदमरली होती. फोटो काढायला वेळ होता, पिशवी फाडायला नव्हता!

देशी झाड आहे, आपोआप जगेल, असे आपल्यातलेच सुशिक्षित लोक सांगतात. अहो, ते चिवट होते ते मुळे खोल गेल्यावर. रोपवाटिकेत रोज पाणी प्यायलेले रोप सप्टेंबरनंतर मुरमाड उतारावर थेट जूनपर्यंत कोरडे कसे काढील?

टेकडीवर फिरायला येणाऱ्या एक मावशी तेलाच्या जुन्या कॅनमधून पाणी आणतात. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आळे भरून पाणी दिले की ओल खोल जाते आणि मुळे तिच्यामागे खाली उतरतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. फेब्रुवारीत एक उत्साही कार्यकर्ता निष्पर्ण काटेसावर मेली म्हणून उपटायला निघाला, तेव्हा मावशींनी नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवे होते. पानगळ आहे रे बाळा, एवढेच त्या म्हणाल्या.

टेकडीवर नळ नाही, हे मान्य. म्हणूनच रोपे कमी लावा. मावशींसारखा पाचोळा आळ्यात पसरा, पण खोडाला चिकटवू नका, नाहीतर साल कुजते. घाणेरीची झुडपे आणि गवत वाळण्याआधी काढा, कारण उन्हाळ्यातला वणवा पाणी घातलेल्या रोपालाही सोडत नाही.

रोपे लावायला येणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. ती मनापासून येतात आणि आपण लावलेले झाड कुठे आहे, असे पुढच्या वर्षी विचारतात. त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी आयोजकांची आहे.

५ जूनला मी येणार नाही. ऑक्टोबर ते मे या काळातल्या रविवारांची पाणी घालण्याची यादी करा आणि निदान दोन उन्हाळे ती चालवा. तिच्यात माझे नाव पहिले लिहा. टी-शर्ट छापू नका, त्या पैशांत कॅन घ्या.