दंडावरचा सेन्सर आणि बोटातला थेंब

स्मार्ट घड्याळं आणि अंगावर लावायचे सेन्सर आता आजाराची चाहूल आधीच देतील, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पटतं, पण एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली.

माझी आई नाशिकला पंचवटीत राहते, तिला मधुमेह आहे. गेल्या वर्षी तिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावला. एकदा रात्री दोनला माझ्या मोबाइलवर इशारा वाजला, साखर ५८, म्हणजे फारच कमी! गंगापूर रोडवरून धावतपळत पोचलो, बोट टोचून पाहिलं तर १०४. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उलगडा केला: ती त्याच कुशीवर झोपली होती, आणि दंड दाबला गेला की सेन्सर खोटी घट दाखवतो. शिवाय तो थेट रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागेच असतो. विकताना हे कुणीही सांगितलं नव्हतं. सांगायलाच हवं होतं.

तरी सेन्सर काढला नाही. एकादशीच्या साबुदाणा खिचडीनंतर साखर किती चढते, हे त्याच्या आलेखामुळेच आईला पटलं. मी वर्षानुवर्षं सांगून थकलो होतो.

आणि सुरगाणा, पेठसारखे नाशिक जिल्ह्यातले दुर्गम तालुके? ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर २०१९पासून आरोग्य केंद्रातून आणि २०२०पासून घरबसल्याही दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो, फार मोलाची सोय आहे. पण पाड्यावर रेंजच नसेल तर तिथल्या आजीला काय उपयोग? यावरही सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.