सोफा नको, पुस्तक द्या

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद निघाला: पुस्तकांची दुकानं का ओस पडतात? चौथ्या मेसेजपर्यंत निकालही लागला. म्हणे दुकानात कॅफे हवा, एसी हवा, सोफे हवेत, फोटो काढायला एक सजवलेली भिंत हवी. वर मला टोला, ‘तुमच्या युरोपात असंच असतं ना?’

नसतं. जर्मनीत, फ्रायबुर्गमधलं माझ्या ट्रामच्या थांब्याजवळचं दुकान म्हणजे दोन खोल्या. कॉफी नाही. खुर्ची एकच, तिच्यावरही कॅटलॉगचा ढीग. रविवारी अर्थातच बंद. पण संध्याकाळी पाचला जाऊन दुकानात नसलेलं पुस्तक मागितलं, तर बाई संगणकावर बघून सांगतात, ‘उद्या दहानंतर या.’ आणि ते आलेलं असतं. लाखो पुस्तकं गोदामात ठेवणारे मोठे घाऊक वितरक रात्रीतून गाडी पाठवतात, एका प्रतीसाठीसुद्धा. टपालखर्च नाही, आगाऊ पैसे नाहीत.

दुसरी गोष्ट किमतीची. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कोपऱ्यावरचं दुकान असो की ॲमेझॉन, सगळ्यांना त्याच किमतीला विकावं लागतं. 2002 पासून तसा कायदाच आहे, प्रथा तर एकोणिसाव्या शतकातली. त्यामुळे दुकानात चाळायचं आणि तिथंच उभं राहून फोनवर स्वस्तात मागवायचं, हा प्रकार नाही.

आता अप्पा बळवंत चौकात या. पुस्तक मागा. ‘नाहीये.’ दुकानात नाहीये, प्रकाशकाकडे नाहीये, की आवृत्तीच संपलीये? कधी येईल? ‘सांगता येत नाही.’ लोक याला पुणेरी खाक्या म्हणून हसतात. मला वाटतं, त्या माणसाला खरंच सांगता येत नसतं. एका प्रतीसाठी त्याने प्रकाशकाला फोन करायचा, पेठेत पोऱ्या पिटाळायचा. प्रकाशक नागपूरचा असला तर कमिशन पार्सलच्या खर्चातच जायचं. शिवाय तोच प्रकाशक आधी प्रकाशनपूर्व सवलत देणार, मग ग्रंथप्रदर्शनात स्वतःचा स्टॉल लावून आणखी स्वस्तात विकणार. यात सोफा काय करील?

‘अरे, तिकडे लोक वाचतात,’ हे उत्तर ठरलेलं. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ-साडेआठ कोटी. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी. (दरडोई उत्पन्नाचं मी ग्रुपवर काढलं नाही. कोणाला सुचलंही नाही.) मुंबईच्या ‘स्ट्रँड’चं उदाहरणही मी गाळलं. 1948 मध्ये शानभागांनी सिनेमा थिएटरात सुरू केलेलं ते दुकान सवलतीसाठीच प्रसिद्ध होतं आणि तरी 2018 पर्यंत टिकलं. माझ्या किंमतीच्या सिद्धांतात ते बसत नाही.

मग एकाने लिहिलं, ‘तिकडे बसून प्रवचन सोपं असतं.’ ते लागलं. कारण ज्या दुकानाचे गोडवे मी गातोय, तिथे माझी ओळख म्हणजे ऑर्डरच्या फळीवर चिकटवलेलं, चुकीच्या स्पेलिंगचं आडनाव. मला तिथे कोणी कधी पुस्तक सुचवलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. माझं जर्मन टॅक्सच्या कागदांना पुरतं. मला कुठल्या तऱ्हेची कादंबरी आवडते हे सांगायला पुरत नाही. डेक्कनवरच्या दुकानातले काका मात्र हातातलं पुस्तक काढून घेत, ‘हे राहू दे. यांचं आधीचं वाच,’ म्हणायचे. उद्धटपणाच तो. पण सहसा त्यांचं बरोबर असायचं.

गेल्या खेपेला त्याच दुकानात गेलो. काका नव्हते. काउंटरवरच्या मुलाने माझ्या बुटांकडे पाहिलं, पाठीवरच्या सॅककडे पाहिलं आणि थेट गुळगुळीत कागदावर छापलेल्या किल्ल्यांच्या पुस्तकांकडे बोट दाखवलं. ‘मुलांसाठी इंग्लिशमध्येपण आहे, सर.’ संताप आला. यादी खिशात होती, मराठी पुस्तकांची, ती पुढे केली. त्यातली निम्मी ‘नाहीये’त निघाली. किल्ल्यांचं इंग्रजी पुस्तक मात्र घेतलं. मुलगी मराठी बोलते, पण वाचते जर्मन आणि इंग्रजीच.