कागद कशाला, पोरं आहेत ना!

साठी उलटली का तुमची? मग अभिनंदन, कारण आता तुम्ही अशा वयात आलात जिथे माणसाला काहीच होत नाही. शुगर आहे, बीपी आहे, जिना चढताना गुडघे वाजतात, पण कुणी कागदपत्राचं नाव काढलं की "माले काय व्हस? धडधाकट शे मी" असं म्हणता आलं पाहिजे, आणि तेही अशा आवाजात की समोरच्याला वाटावं आपणच यांची तिरडी बांधायला आलो. एवढं जमलं की पुढचं सोपं आहे. म्हातारपणी अख्खं घर कोर्टाच्या पायऱ्यांवर कसं बसवायचं ते खाली सांगतो, फी घेत नाही.

मृत्युपत्र तर करूच नका. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करायची सक्ती नाही, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, १९२५ चा वारसा कायदा एवढंच मागतो, आणि जे काम इतक्या स्वस्तात होतं त्याची लोकांत काय किंमत राहणार. पोरीनं हट्टच धरला तर करा बापडे, पण साक्षीदार पारावरचे घ्या, तुमच्याहून पाच-दहा वर्षांनी मोठे, म्हणजे कोर्टात सही ओळखायची वेळ येईल तेव्हा तेही तुमच्याबरोबर वरच गप्पा मारत बसलेले असतील. शुद्धीत आणि समजून सही केली असा डॉक्टरचा दाखला जोडू नका, उगाच भांडणाची मजा जाते. आणि एफडीला थोरल्याचं नॉमिनेशन आहे म्हणजे पैसे त्याचेच, हे घरात सगळ्यांना ठासून सांगून ठेवा. नॉमिनी फक्त पैसे उचलतो आणि हक्क वारसांचा राहतो हे कोर्टं कितीदा सांगून दमली, पण कोर्टाला काय कळतं आपल्या घरातलं.

पण मरणाचं एवढं काही नाही हो. मेल्यावरची भांडणं बघायला तुम्ही थोडेच असणार. खरी बहार त्याच्या आधी आहे, म्हणजे तुम्ही जिवंत आहात, खाटेवर आहात, पण सही होत नाही आणि समोर उभा आहे तो मुलगा आहे की मेव्हणा तेही कळत नाही. त्या दिवसांसाठी कुणीच काही करून ठेवत नाही, तुम्हीच का करावं.

आता तुम्ही म्हणाल, मी हुशार आहे, मी धाकट्याला जनरल पॉवर, म्हणजे माझ्या वतीनं सह्या-व्यवहार करायचं अधिकारपत्र, देऊन ठेवलीये, नोटरीचा लाल शिक्का आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात लॉकरच्या खाली ठेवलीये. शाब्बास! फक्त एक बारीक गोष्ट आहे, ती वकिलाला विचारायची नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम २०१ आहे, त्यानुसार पॉवर देणारा मेला की पॉवर संपते, आणि देणाऱ्याचं भान गेलं तरी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही तो कागद केला नेमका त्याच दिवशी तो रद्दी. हा कायदा आपल्याला देऊन गेले ते इंग्रज, त्यांनी स्वतःच्या देशात नंतर अक्कल गेल्यावरही चालणारी पॉवर काढली, आपण मात्र त्यांची जुनी आठवण जिवापाड जपून ठेवली.

मग काय होतं बघा. समजा तुमची यावल-रावेरकडे पाच एकर केळी आहे आणि तुम्हाला लकवा मारला, मेंदूत गाठ झाली, काहीही धरा. दवाखान्याचं बिल रोज वाढतंय, पैसा सगळा तुमच्याच नावावर, सातबारा तुमच्या नावावर, पीककर्ज तुमच्या नावावर, घरही तुमच्याच नावावर, कारण हयातीत कुणाला हात लावू देणार नाही अशी तुमची शपथ होती. बँकेत धाकटा जातो, बँकवाले म्हणतात खातेदाराला आणा. आजारी माणसाची सही होत नसेल तर बँका अंगठा घेतात, हाताचा नसेल जमत तर पायाचाही चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, रिझर्व्ह बँकेनं हे खरंच लिहून दिलंय, थट्टा नाही. म्हणून म्हणतो, पायाची नखं कापत जा. पण माणूस कोमात असला की त्याच्या संमतीचं काय करायचं हे पायाच्या अंगठ्यालाही ठाऊक नाही.

जमीन विकायची तर आणखी गंमत. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात निदान मानसिक आजारी माणसाच्या मालमत्तेला जिल्हा कोर्टातून पालक, व्यवस्थापक नेमून घ्यायची सोय होती. २०१७ साली नवा कायदा आला, पेशंटच्या हक्कांचं खूप चांगलं चांगलं लिहिलं त्यात, आणि ही सोय राहूनच गेली. आता कोमातल्या माणसाचा पालक नेमायचा म्हणजे बहुतेकदा हायकोर्टात रिट. खान्देशातल्या माणसानं संभाजीनगरचं खंडपीठ गाठायचं, जळगावहून निघाला तर अजिंठ्याचा घाट, चाळीसगावहून निघाला तर कन्नडचा घाट, सोबत डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळ्या वारसांची संमतीपत्रं, आणि सुरतेतला तो एक भाऊ जो गेल्या गणपतीपासून बोलत नाही त्याचीही सही. आयतीच सहल झाली ना, नाहीतर तुम्ही कुठे घरच्यांना लेणी दाखवायला नेणार होतात.

बँकेतला तरी हा घोळ टाळायला पत्नीचं नाव खात्यावर टाकून 'दोघांपैकी कुणीही' असं करून ठेवता येतं, फुकटात होतं, एका फॉर्मचं काम. नका करू. बायकोला बँकेतलं काय कळतं असं चाळीस वर्षं म्हणालात, आता शब्द कसा फिरवणार.

किंवा मग दुसऱ्या टोकाला जा. सगळंच देऊन टाका. राहतं घर किंवा शेती मुलाला बक्षीसपत्रानं दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर किरकोळ खर्च, इतकं स्वस्त तर लग्नात आहेरही पडत नाही. फक्त "मरेपर्यंत मला सांभाळायचं, दवाखाना बघायचा, या घरातून काढायचं नाही" ही ओळ त्यात चुकूनही घालू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर, परत मिळवता येते. पण सुप्रीम कोर्टानं २०२२ ला स्पष्ट केलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं प्रेमानं दिलं एवढ्यानं अट होत नाही. २०२५ च्या जानेवारीत कोर्ट जरा मवाळ झालं, म्हणालं कायदा म्हाताऱ्यांच्या भल्याकडे बघून वाचा, पण तुम्ही कशाला कोर्टाचं काम सोपं करता. पोटच्या पोराला अट घालायची म्हणजे काय, लोक काय म्हणतील.

आता सांभाळणार कोण? सोप्पंय, सून आहे ना. अंथरूण ती बदलणार, डायपर ती बदलणार, रात्री तीनला औषध ती देणार, म्हणून तिचं नाव घराच्या कुठल्याही कागदावर येता कामा नये, बँकेच्या नाही, सातबाऱ्याच्या तर नाहीच. कायदाही तुमच्याच बाजूचा आहे, २००७ च्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. तिच्यावर जबाबदारी नाही आणि तिला हक्कही नाही, बाकी सगळं काम तिचं. केअरटेकर ठेवायची म्हटली तर एवढा पगार कोण देणार, असं म्हणायचं आणि सुनेकडे बघायचं, तिला समजतं.

मुलीचं वेगळं. मुलीकडून हक्कसोड घ्यायचा उत्तम मुहूर्त म्हणजे आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. झोके बांधलेत, पुरणपोळी-आमरस झालाय, भाऊ साडी घेऊन आलाय, आणि साडीखाली हक्कसोडाचा मसुदा. २००५ पासून तिला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच वाटा आहे हे त्या दिवशी काढायचं नाही, सणाचा दिवस आहे. तिनं सही केली की माहेर अबाधित राहिलं. मग सहा महिन्यांनी तुम्ही पडलात की पहिला फोन तिलाच, कारण कायद्यात सांभाळायच्या जबाबदारीतून मुलगी सुटत नाही, सुटतो फक्त तिचा वाटा.

आणि पोरांनी खरंच वाऱ्यावर सोडलं तर? त्याच २००७ च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे ट्रिब्युनल असतं, वकिलाची गरजच नाही, उलट दोन्हीकडून वकील उभा करायला कायद्यानंच मनाई केलीये, नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल लावायचा आणि महिना १०,००० पर्यंत पोटगी मिळू शकते. पण तुम्ही जाऊ नका. प्रांत ऑफिसात गावातला कुणीतरी भेटणारच, आणि रात्री जेवणं व्हायच्या आत तो ओट्यावर बसून सांगणार की अमक्याचा बाप पोरावर केस टाकून आला. त्यापेक्षा मंदिराच्या पारावर उपाशी बसलेलं बरं, इज्जत राहते.

शेवटच्या दिवसांत व्हेंटिलेटर हवा की नको हेही लिहून ठेवायची सोय आहे. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला मान्यता दिली, आणि २०२३ ला मॅजिस्ट्रेटची अट काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येईल असं सोपं केलं, दोन साक्षीदार आणि तुमच्या वतीनं कोण बोलणार त्याचं नाव. पण असलं अभद्र घरात लिहायचं नाही. ते मुलांनी आयसीयूच्या बाहेर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, एकमेकांकडे न बघता ठरवायचं असतं, आणि ठरलं नाही तर डॉक्टर नळ्या चालू ठेवतो, बिलही चालू ठेवतो.

एक कागद मात्र विसरू नका, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. तो तुम्ही दरवर्षी न चुकता देता, तारखेच्या आधी देता, कारण पेन्शन अडकते. आता तर बँकेत जायलाही नको, खाटेवर पडल्या पडल्या फोनवर चेहरा दाखवून होतो. डोळे तेवढे मिचकवावे लागतात, आत्तापासून सवय ठेवा.