पंखा फिरतोय म्हणजे पॉवर ठीक? ‘नो डिस्प्ले’वरच्या व्हायरल सल्ल्याचा प्रतिवाद

डेस्कटॉपचं बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच. या दुखण्यावर एक सल्ला सगळीकडे फिरत असतो. कुठे व्हिडिओ म्हणून, कुठे फॉरवर्ड म्हणून, पण मजकूर साधारण हाच: पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चांगला आहे. रॅम काढा, खोडरबराने घासा, परत लावा. नाही झालं तर मदरबोर्डवरचा सेल बदला. तरी नाही तर विंडोज उडालंय, फॉरमॅट मारा. प्रोसेसर एकदा काढून बसवा. एवढं करूनही डिस्प्ले आला नाही तर मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.

यातला रॅमचा मुद्दा अर्धा खरा आहे. पंख्याचा साफ चुकीचा आहे. प्रोसेसरचा तर चांगलं मशीन कायमचं बंद पाडू शकतो. आणि शेवटच्या वाक्यावर विश्वास ठेवून लोक हजारो रुपयांचा बोर्ड घेऊन येतात, दोष मात्र केबलमध्ये निघतो.

सगळ्यात मोठी चूक सल्ल्यात जे नाही त्यात आहे. मशीन खरंच बंद आहे का, हे तो विचारतच नाही. बटण दाबून दोन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आतून सुरू झालेला आहे, फक्त चित्र तुमच्यापर्यंत पोचत नाही. मग लगेच कॅबिनेट उघडायचं कारण नाही. मॉनिटरला कॉम्प्युटरकडून येणारी केबल काढा आणि मॉनिटर एकटा चालू करा. ‘नो सिग्नल’ किंवा तशा अर्थाची पाटी आली पाहिजे. ती आली नाही तर दोष मॉनिटरचा किंवा त्याच्या पॉवरचा. आली तर मॉनिटरच्या मेनूत इनपुट कोणता निवडलाय ते बघा, केबल बदलून बघा.

मग केबल मागे कुठे लावलीय ते पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टमध्येच हवी, मदरबोर्डच्या नाही. आय५-१२४००एफ सारख्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आणि रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्सच नसतं. त्यांच्या बोर्डावर एचडीएमआयचं पोर्ट दिसतं, पण त्यातून कधीच काही येणार नाही. रायझन ५ ५६००जी मध्ये मात्र ते असतं. नावातल्या एका अक्षराचा फरक आहे, पण नव्याने जोडलेल्या मशीनमध्ये घोटाळा अनेकदा इथेच असतो.

“पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस चांगला आहे”

पंख्याला फक्त १२ व्होल्टची लाइन लागते, आणि ती बरीच खाली आली तरी पंखा फिरत राहतो. एसएमपीएस मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा वेगवेगळ्या लाइन देतो. प्रोसेसरसाठी तर वेगळी, ४ किंवा ८ पिनांची जोडणी प्रोसेसरच्या शेजारी लागते. ती लावायची राहिली किंवा सैल असली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही. २४ पिनांची मोठी जोडणी नीट बसलीय म्हणून लोक तिकडे बघतच नाहीत. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. स्लॉटमधून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. कार्डावर ६ किंवा ८ पिनांची जागा असेल तर ती भरलीच पाहिजे.

आणखी एक तार महत्त्वाची आहे: राखाडी. सगळ्या लाइन स्थिर झाल्या की एसएमपीएस या तारेवर ५ व्होल्टचा ‘पॉवर गुड’ इशारा देतो. तो मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. म्हणजे पंखे जोरात, प्रोसेसर मात्र पहिली सूचनाही वाचत नाही.

मोजायचं असेल तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी काडी जोडणीतल्या काळ्या तारेला लावा, लाल काडी २४ पिनांच्या जोडणीच्या मागच्या बाजूने तारेशेजारी आत सरकवा, आणि मशीन चालू असतानाच मोजा. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ यायला हवेत. राखाडीवर ५ च्या आसपास. जांभळीवर मशीन बंद असतानाही ५ हवेत, मागचं स्विच तेवढं चालू पाहिजे. बऱ्याच नव्या एसएमपीएसच्या तारा सगळ्या काळ्या असतात, तिथे पिनांच्या आकृतीवरून जा: राखाडी ८वी, जांभळी ९वी, चालू करण्याची हिरवी १६वी. हिरवी काळीला जोडून एसएमपीएस बाहेर चालू करायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. पण तिथे त्याच्यावर भार नसतो. त्या चाचणीत पास झालेला एसएमपीएस बोर्डावर लावल्यावर कोसळू शकतो.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. आपल्याकडच्या २३० व्होल्टचा आत डीसी झाला की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास असतात, काही प्रकारांत ४०० च्या जवळ. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात.

याच जागी शोधायचा एक स्वस्त दोष म्हणजे अडकलेलं रीसेटचं बटण. ते आत दबून राहिलं की बोर्ड सतत रीसेटमध्ये राहतो आणि लक्षण अगदी हेच दिसतं. कॅबिनेटकडून बोर्डाला येणारी रीसेटची दोन पिनांची जोडणी काढून एकदा चालू करून बघा.

“रॅम खोडरबराने घासा”

रॅम काढून परत लावल्याने अनेक मशीन खरंच सुरू होतात. मुंबई-कोकणातल्या दमट पावसाळ्यात बंद पडलेल्या मशीनवर तर हे आधी करून बघावंच. पण काम होतं ते काढण्या-घालण्याने. स्लॉटमधल्या स्प्रिंगच्या पिना रॅमच्या पट्ट्यांवर घासल्या जातात, तिथला पातळ थर निघतो, आणि अर्धवट बसलेली रॅम नीट बसते. खोडरबर यात जास्तीचं नुकसान करतो. पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. रबर तो खरवडतो, खालचं निकेल उघडं पडतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच रॅम आणखी लवकर रुसते. रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर तो वेगळा त्रास. पट्ट्या पुसायच्याच असतील तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या, आणि पूर्ण सुकू द्या.

हात घालण्याआधी प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. मग एकच रॅम ठेवा. चार स्लॉटच्या बोर्डावर ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये लागते. दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यात. दोन्ही टोकं ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, आणि खटका नसलेलं टोक हमखास वर राहतं. एक रॅम चालली नाही तर त्याच जागी दुसरी लावा, मग स्लॉट बदला. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या. डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जात नाही, खाच वेगळ्या जागी असते. जात नसेल तर जोर लावू नका.

घासण्यापेक्षा कितीतरी उपयोगी चाचणी अशी. बोर्डावर ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांवर एक छोटा बीप स्पीकर लावा. हल्ली तो बोर्डासोबत सहसा येत नाही, पण सुट्या भागांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. आता सगळ्या रॅम काढून मशीन चालू करा. ते बीप करून तक्रार करायला लागलं तर आनंद माना: प्रोसेसर जिवंत आहे, बायॉस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) चालतोय, बोर्ड बऱ्याच अंशी ठीक आहे. रॅम घातल्यावरही तेच बीप राहिले तर दोष रॅम किंवा स्लॉटचा. बीप थांबले आणि तरी चित्र नाही, तर ग्राफिक्सकडे वळा. रॅम नसतानाही पूर्ण शांतता असेल तर पॉवर, प्रोसेसर किंवा बोर्ड. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो लागून राहतो तिथे गाडी अडलीय.

डीडीआर५ च्या नव्या मशीनबद्दल एक इशारा. पहिल्यांदा चालू करताना, किंवा रॅम बदलल्यावर, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो आणि एएम५ (नव्या रायझन प्रोसेसरच्या) बोर्डांवर त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहते. मध्येच बटण दाबून बंद केलं की सगळं पहिल्यापासून. १५ मिनिटं थांबा.

“सेल बदला”

तो सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल. तो संपला की तारीख-वेळ मागे जाते आणि बायॉसची सेटिंग पुसली जातात. फक्त त्याच्यामुळे डिस्प्ले जाणं क्वचित घडतं. सेल काढून घातल्यावर मशीन सुरू झालं तर श्रेय बहुधा नव्या सेलचं नसतं, सेटिंग पुसली गेली त्याचं असतं. रॅमचा वेग एक्सएमपी या बायॉसमधल्या सेटिंगने वाढवला आणि बोर्डाला झेपला नाही, डिस्प्लेचं सेटिंग चुकीच्या कार्डावर गेलं, जुनं कार्ड असताना सीएसएम (जुन्या हार्डवेअरला आधार देणारं सेटिंग) बंद केलं, अशा वेळी हा उपाय नेमका लागू पडतो. प्लग काढून बोर्डावरच्या ‘क्लिअर सीमॉस’च्या, म्हणजे सेटिंग पुसायच्या, दोन पिना स्क्रूड्रायव्हरने १० सेकंद जोडा, किंवा सेल ५ मिनिटं बाहेर ठेवा. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. सेटिंग पुसल्यावर मशीन ती मागू शकतं.

“विंडोज उडालंय, फॉरमॅट मारा”

कंपनीचा लोगो विंडोजच्या आधी येतो. हार्डडिस्क आणि एसएसडी सगळ्या काढल्या तरी बायॉसची स्क्रीन दिसलीच पाहिजे. लोगोच येत नसेल तर फॉरमॅट मारून काही होणार नाही. तुमचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट तेवढे जातील. लोगो येऊन नंतर अंधार होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून ड्रायव्हर रीसेट करून बघा, मग सेफ मोड.

“प्रोसेसर काढून बसवा”

हे करू नका. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेत, बोर्डावर १७०० नाजूक पिना असतात. प्रोसेसर तिरका पडला की त्या वाकतात, आणि चांगला बोर्ड तिथेच जातो. जुन्या एएम४ रायझनवर पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात. थंड मशीनवर कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. प्रोसेसर आपण होऊन सैल होत नाही. तो नवीनच बसवला असेल तर आधी विचारायचा प्रश्न वेगळा: बायॉस त्याला ओळखतो का? जुन्या बायॉसच्या बी४५० बोर्डावर रायझन ५००० लावला तर हेच लक्षण दिसतं. बी६६० वर तेराव्या पिढीचा इंटेल लावला तरी तेच. बोर्डाला फ्लॅशबॅकची सोय असेल तर पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलता येतो.

“मदरबोर्ड गेला”

हे म्हणण्याआधी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर प्रोसेसर, कूलर, एक रॅम, स्पीकर आणि एसएमपीएस एवढंच जोडा. पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून चालू करा. इथे बीप देऊन सुरू झालं तर बोर्डाखालचा जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खुंटा) किंवा निसटलेला स्क्रू शॉर्ट करत होता. नाही झालं तर दुसऱ्या चालू मशीनचा एसएमपीएस आणि चालणारी रॅम लावून बघा. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर डोक्याला फुगलेत का, कुठे काळा डाग आहे का, हे टॉर्च लावून पाहा. तरीही शांतता असेल तर दोष बोर्ड किंवा प्रोसेसर यांपैकी एकात आहे. प्रोसेसर दुसऱ्या चालणाऱ्या बोर्डावर तपासून घ्यायला दुकानदाराला सांगा, आणि तो समोर सुरू झालेला बघितल्यावरच नव्या बोर्डाचे पैसे द्या.